हरिऱ्यातलं मीठ

रमजानात मिमुंतच्या स्वयंपाकघरात एकच अडचण असायची, आणि ती मिठाची. रांधणारीचाच रोजा. दिवसभर घशाखाली पाण्याचा थेंब नाही, आणि संध्याकाळी पातेलंभर हरिरा, म्हणजे दाट सूप, शिजवायचा: टोमॅटो, मसूर, काबुली चणे, मटणाचे चार तुकडे, वरून मूठभर कोथिंबीर आणि मीठ अंदाजानं. जिभेच्या टोकाला लावून थुंकलं तर चालतं, असं मशिदीतले इमाम सांगत. मिमुंतचा इमामांवर विश्वास होता, स्वतःच्या जिभेवर नव्हता. एकदा चव घेतली की आपण गिळणार, हे तिचं तिला पक्कं ठाऊक.

म्हणून नुरदिन पाच वर्षांचा झाल्यापासून ते काम त्याच्याकडे आलं. त्या वयाला रोजा नसतो. तो स्टुलावर चढून बसे, ती चमचा फुंकून त्याच्या तोंडाशी धरी, आणि हे कार्टं डोळे मिटून एखाद्या काझीसारखं गंभीर होई.

"काय रे, मीठ कसं आहे?"

"कळलं नाही, यम्मा. अजून एक चमचा."

असं करत करत वाटीभर पोटात गेल्यावर मग निकाल लागे. त्याचा बाप त्याआधीच वारला होता, मोरोक्कोत नादोरजवळच्या गावी पुरला होता. बेल्जियममध्ये अँटवर्पच्या बोर्गरहाउट भागातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर मग ही दोघंच होती, आणि खरं सांगायचं तर दोघांचं छान चाललं होतं.

विसाव्या वर्षी मुलगा बदलला. दाढी वाढली याचं तिला काही नव्हतं, तिच्या बापालाही दाढी होती. पण घरातला टीव्ही गेला, भिंतीवरचा लग्नाचा फोटो गेला, आणि आईचं नमाज पढणंही चुकीचं ठरलं. रात्रंदिवस फोनवर कुणाकुणाची भाषणं. नोकरीच्या अर्जांवर नाव वाचूनच नकार येत होते, तेव्हा त्या भाषणांतले लोक त्याला 'भाऊ' म्हणत होते. कुणीतरी भाऊ म्हणतंय याची त्या पोराला किती भूक होती, हे आईला फार उशिरा समजलं.

एका सकाळी त्यानं न सांगता घरातली सगळी भांडी घासली आणि तिचा हात हातात घेऊन बराच वेळ बसला. तो अंघोळीला गेल्यावर तिनं त्याची पिशवी उघडली. नवे बूट, जाड मोजे, तुर्कस्तानचं तिकीट. महिन्यापूर्वी शेजारच्या यमिनाचा भाचा असाच लढायला गेला होता, आणि सीरियातून तो मेल्याची बातमी तेवढी आली होती.

तिनं पोलिसांना फोन केला. नुरदिनला विमानतळावर धरलं. खटला झाला, चार वर्षांची शिक्षा झाली, आणि फोन कुणी केला हे कोर्टात सगळ्यांसमोर वाचलं गेलं.

मग लोकांच्या बोलण्याला ऊत आला. बाजारात तिच्या पाठीमागे बायका म्हणायच्या, "बेल्जियमच्या खाल्ल्या मिठाला जागली हो! पोटचा पोर दिला." यमिनानं तर बोलणंच टाकलं. आणि शहरातले दुसरे, गोरे लोक होते, ते तिला डोक्यावर घ्यायला निघाले. तिला एका सभागृहात नेलं, 'शूर आई' म्हणून टाळ्या वाजवल्या. मुसलमान या समाजात मिसळतात की नाही, यावर तिथे दोन तास वाद चालला. दोन्ही बाजूंची माणसं तिच्याकडे बोट दाखवून आपापलं खरं करत होती. शेवटी टाय लावलेल्या एकानं विचारलं, "बाई, फोन केलात तेव्हा तुमच्या मनात आधी कोण होतं? देश की धर्म?" मिमुंतला प्रश्न नीट कळला होता. उत्तरही होतं, पण ते त्या सभेच्या कामाचं नव्हतं. तिला आपला मुलगा जिवंत हवा होता, एवढंच. ती पुन्हा कधी त्या सभागृहात गेली नाही.

तुरुंगात मात्र ती दर महिन्याला गेली. तो भेटीला बाहेर यायचाच नाही. ती बाकावर बसून राहायची आणि वेळ संपली की घरी यायची. तिथेच त्याला मधुमेह निघाला, रोज सुई टोचून घ्यावी लागणारा. तिथेच त्यानं त्या भावांची संगत सोडली, हेही तिला दुसऱ्यांकडूनच कळलं. आईला माफ केल्याचं मात्र कुणी सांगितलं नाही.

मे महिन्यात तो सुटला. कोर्टानं नेमलेली लीसबेत नावाची बाई त्याला घेऊन आली. तिनं सुटकेच्या अटी वाचून दाखवल्या, इन्सुलिनचा डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि आपलं कार्ड फ्रिजच्या दारावर चिकटवलं.

"रोजे मात्र नाही धरायचे, डॉक्टरांनी सांगितलंय. धरणार नाहीस ना?" तिनं विचारलं.

"नाही," नुरदिन म्हणाला. लीसबेतशी तो बोलत होता. आईशी नाही. त्याला घर नको होतं, अटींपुरता पत्ता हवा होता. ताट खोलीत घेऊन जायचा आणि रिकामं आणून ठेवायचा, स्वच्छ धुऊन. त्या धुतलेल्या ताटाचं मिमुंतला जास्त वाईट वाटे.

तीनच दिवसांनी रमजान लागला आणि ताट भरलेलंच परत यायला लागलं. उन्हाळ्याचे दिवस, सूर्य साडेनऊपर्यंत मावळायचं नाव घेईना. दुसऱ्या दिवशी दुपारी तो न्हाणीघरातून भिंत धरून बाहेर आला. कपाळावर घाम, ओठ पांढरे.

ती दाराबाहेरून बोलली. "नुरू, थोडं खा रे. माझ्याशी बोलू नकोस, पण खा." आतून कडी लागली.

मिमुंतनं फ्रिजवरचं कार्ड काढलं. नंबर फिरवायला घेतला आणि थांबली. पुन्हा फोन, म्हणजे पुन्हा तीच. मग हा मुलगा आयुष्यात तिचं तोंड बघणार नाही. आणि नाही केला, तर कदाचित तोंड बघायला मुलगाच राहणार नाही. कचऱ्याची पिशवी उचलून ती उगाचच जिन्यात गेली.

खालून यमिना वर येत होती. नेहमीसारखी मान वळवून पुढे गेली, आणि आपल्या दाराशी थांबली.

"आला म्हणे तुझा."

"आला. बोलत नाही."

यमिना किल्ली हातात घेऊन उभी राहिली. "माझ्या बहिणीनं फोन केला नव्हता," ती म्हणाली. "तिचाही बोलत नाही. फोटो होऊन भिंतीवर आहे, रोज पुसते." मग दार उघडताना तिचा जुना आवाज परत आला. "आणि तुझा हरिरा पाठव गं कधीतरी. गेल्या वर्षी वास येत होता. खारट असणार म्हणा, नेहमीसारखा."

मिमुंत आत आली ती तडक ओट्याशी. चणे सकाळपासून भिजलेलेच होते. पातेलं चढवलं, मसूर टाकले, टोमॅटो किसले. हात भराभर चालत होते आणि डोकं दुसरीकडेच होतं. आठ वाजता हरिरा दाटला. तिनं फोन आणि कार्ड टेबलावर ठेवलं, शेजारी खजुराची बशी ठेवली, आणि दाराशी जाऊन लहानपणी मारायची तशीच हाक मारली.

"नुरू, मीठ बघायला ये."

कडी सरकली. तो चौकटीला टेकून उभा राहिला. हात थरथरत होते, ते त्यानं बगलेत दाबून धरले होते.

"माझा रोजा आहे," तो म्हणाला. चार वर्षांत आईशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"ठाऊक आहे."

"मग?"

"आजाऱ्याला रोजा नसतो. माझे पित्ताचे खडे काढले होते, तेव्हा तूच कुराण घेऊन बसला होतास माझ्या उशाशी. बोट ठेवून ठेवून वाचून दाखवलंस. मी रोजा सोडीना, तर स्वतःच्या हातानं दही भरवलंस. टीव्ही फेकणारा आणि दही भरवणारा मुलगा एकच होता ना?"

त्याची नजर टेबलावरच्या कार्डाकडे गेली.

"फोन करणार होतीस?"

मिमुंतला खोटं बोलता आलं असतं.

"हो. हा चमचा घेतला नाहीस तर आत्ता करीन."

"पुन्हा?"

"पुन्हा. शंभर वेळा करीन. तू जन्मभर बोलू नकोस माझ्याशी. या घरात धडधाकट फिर आणि बोलू नकोस, मी कुरकुर करणार नाही."

"मला तेवढंच उरलं होतं, यम्मा," तो हळूच म्हणाला. "रोजा तेवढा. बाकी सगळं चुकलं."

"आणि मला तू तेवढा उरलायस," ती म्हणाली. "बस इथे."

तो बसला. जुनं स्टूल केव्हाच मोडलं होतं, खुर्चीवर बसला. तिनं चमचा भरला, फुंकला, आणि पंचवीस वर्षांच्या दाढीवाल्या मुलाच्या तोंडाशी धरला. त्यानं डोळे मिटले आणि घोट घेतला.

"काय रे, मीठ कसं आहे?"

त्यानं ओठ चाटले.

"कळलं नाही. अजून एक चमचा."

मिमुंतनं वाटीच भरली. खजूर पुढे केले. तो आधी सावकाश आणि मग अधाशासारखा खात गेला. हाताची थरथर थांबली, चेहऱ्यावर रंग आला. पहिली वाटी संपली, दुसरी संपली. त्यानं रक्तातली साखर मोजली, आकडा तिच्यासमोर धरला आणि मग फ्रिजमधलं इन्सुलिन काढून सुई घेतली. तिनं कार्ड उचलून पुन्हा फ्रिजवर चिकटवलं. हरिऱ्याचा एक डबा भरून तिनं यमिनाकडे देऊन ये म्हटलं, तो नाही म्हणाला नाही. परत आला तेव्हा डब्यात यमिनानं तीळ लावलेली मधातली मिठाई भरून दिली होती.

साडेनऊनंतर मोबाइलवर अजान झाली. नुरदिन आईसमोर टेबलाशी बसून होता. तिनं खजूर खाल्ला, पाणी प्याली आणि हरिऱ्याचा पहिला घोट घेतला.

मीठ घालायचंच राहिलं होतं. चिमूटभरही नव्हतं.

"अरे, अळणी आहे सगळं! दोन वाट्या खाल्ल्यास, बोलला का नाहीस?"

"बोललो असतो, तर काम झालं म्हणून चमचा काढून घेतला असतास," नुरदिन म्हणाला, आणि मिठाची वाटी तिच्याकडे सरकवली.