पान सत्तेचाळीस

कुलगुरूंनी पेनाचं टोपण तिसऱ्यांदा काढलं आणि तिसऱ्यांदा लावून टाकलं. पुढ्यातल्या फायलीत नकाशाशास्त्र विभाग बंद करण्याचा आदेश होता. सही तेवढी राहिली होती. टेबलापलीकडे त्या विभागाच्या प्रमुख बसल्या होत्या. बाई भांडतील, रडतील, निदान आवाज तरी चढवतील असं कुलगुरूंनी गृहीत धरलं होतं आणि तिन्हींवर उत्तरं तयार होती. आठ वर्षं कुलगुरू राहिलेला माणूस दुसरं काही शिको न शिको, एवढं शिकतोच. पण बाईंनी पिशवीतून एक यादी काढून पुढे सरकवली.

“मोजणीच्या दुर्बिणी आठ, नकाशांची कपाटं अकरा. कुणाच्या ताब्यात द्यायचं तेवढं कळवा, सर.”

“तुमचं काहीच म्हणणं नाही?”

“काय असणार? नियम वीस विद्यार्थ्यांचा, आमची मुलं सतरा. तुम्ही तो आकडा अभ्यास करून काढलाय. मोजलेल्या गोष्टीशी वाद घालू नये, हे मीच वर्गात सांगत असते.”

कुलगुरूंनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

अठरा वर्षांपूर्वी ते सरकारच्या एका समितीवर होते, तरणेबांड अर्थतज्ज्ञ म्हणून. अहवाल दुसऱ्या दिवशी छापायला जायचा होता आणि किती विद्यार्थ्यांच्या खाली विभाग चालवण्यात अर्थ नाही, त्या वाक्याशी घोडं अडलं होतं. विद्यापीठांकडून माहितीच आली नव्हती. बैठकीच्या टेबलाभोवती वीस खुर्च्या होत्या, म्हणून त्यांनी तूर्त वीस लिहून भोवती पेन्सिलीने गोल केला. माहिती पुढेही कधी आली नाही. वीस मात्र चालू लागला. आधी परिपत्रकात गेला, मग नियमात, मग थोरामोठ्यांच्या शोधनिबंधांत. एका निबंधाची तळटीप दुसऱ्याकडे बोट दाखवायची, दुसऱ्याची तिसऱ्याकडे, आणि शेवटची त्यांच्याच अहवालाच्या सत्तेचाळिसाव्या पानाकडे. तिथे तळटीप नव्हती.

त्या आकड्याने त्यांना सल्लागार केलं, मग कुलगुरू केलं. त्याच्याच आधारे त्यांनी आजवर नऊ विभागांना कुलूप लावलं होतं. उद्या राजधानीत जाऊन उच्चशिक्षण आयोगाचं अध्यक्षपद स्वीकारायचं होतं, म्हणजे वीस आता देशभर लागू होणार होता. आयुष्यभर ज्या खुर्चीची वाट पाहिली ती समोर आली होती आणि त्यांना फक्त झोप हवी होती.

“एखाद्या भागाची मोजणी झालीच नसेल, तर नकाशात काय करता?” त्यांनी विचारलं.

“कोरा सोडतो.”

“आणि नकाशा उद्याच हवा असेल तर?”

“तरी कोराच.” बाई पहिल्यांदा हसल्या. “अंदाजाने नदी काढली की कुणीतरी तिथे पूल बांधायला जातो, सर.”

मग त्या उठल्या. “मुलांना दुपारी सांगायचंय. सही झाली की निरोप द्या.”

दार लागल्यावर कुलगुरूंनी ती यादी फायलीवर ठेवली. मग त्यांनी घंटी वाजवली. अण्णा आत आले. तो अहवाल टाइप करणारे अण्णाच; तेव्हापासून साहेबांच्या मागोमाग एकेक कचेरी बदलत आता त्यांचे स्वीय सहायक झाले होते.

“अण्णा, समितीच्या त्या अहवालाचा कच्चा मसुदा कुठे मिळेल का हो?”

कुठली समिती, हे अण्णांनी विचारलं नाही. बाहेर जाऊन त्यांनी कपाटातून एक पिवळा पडलेला कागद आणला. गोलातला वीस अजून ठळक होता. शेजारी अण्णांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘बदलणार’.

“तुमच्या लक्षात होतं?”

“मी तेव्हा विचारलं होतं, साहेब. तुम्ही म्हणालात, आत्ता राहू दे. बदलायच्या वेळी सापडावा म्हणून जपून ठेवला.”

“मग इतकी वर्षं मूग गिळून का बसलात?”

अण्णा गोंधळले. “मला वाटलं, नंतर तुम्ही मोजून बघितलं असेल आणि वीसच निघाले असतील.”

कुलगुरूंना फार लाज वाटली. ज्याच्यावर रागवावं असं समोर कुणी असतं तर बरं झालं असतं. तेवढ्यात घरून फोन आला.

“अहो, तुमची बॅग भरायला घेऊ ना? तिकडे थंडी आहे म्हणे. कोट टाकते.”

“आत्ता राहू दे,” ते सवयीने म्हणाले.

अण्णांनी नजर खाली वळवली. कुलगुरूंनी ते पाहिलं.

“ऐक,” ते फोनमध्ये म्हणाले, “भरूच नकोस. मी जात नाहीये.”

“का? बरं नाही का?”

“बरा आहे. दमलोय गं. घरी आलो की सांगतो.”

फोन ठेवून त्यांनी आदेशाची फाइल सही न करताच मिटली आणि बाजूला सारली.

“बसा अण्णा. आयोगाला पत्र घ्या. अहवालाच्या पान सत्तेचाळीसवरचा वीस हा आकडा कुठल्याही अभ्यासातून आलेला नाही. तो मी मनाने टाकला. त्यावरून मी बंद केलेल्या नऊ विभागांची नावं खाली घाला. एकेक, पूर्ण नावं.”

अण्णा लिहीत होते. मध्येच थांबले.

“आणि वीसच्या जागी कुठला आकडा लिहू, साहेब?”

“कोरं सोडा.”

अण्णांनी दोन बोटं जागा सोडली आणि पुढे पूर्णविराम दिला.