अर्धरुंदी

दुपारी ताईने पाठवलेला आलेख त्याने पडद्यावर उघडला, तेव्हा रेघ आपल्या जागेवर नव्हती.

त्याचे कामच अशा रेघांचे. तापून विजेने भारलेल्या वायूत अणूंची दाटी झाली, की प्रत्येकाला शेजाऱ्यांचे धक्के बसतात; मग त्याच्या प्रकाशाची बारीक रेघ फुगते आणि मूळ जागेवरून किंचित सरकते. किती दाटीला किती फुगेल, किती सरकेल, हे तो वरच्या मजल्यावर गणिताने काढी. तळघरात त्याची थोरली बहीण पोलादी टाकीत तो वायू प्रत्यक्ष पेटवी, रेघेची रुंदी मोजी आणि भावाच्या कोष्टकावरून दाटी ठरवी. भाऊ इतका अबोल, की सारी संस्था त्याला गोगलगाय म्हणे.

“बघ, तुझी रेघ कशी बाळसं धरून आलीय,” ताईने कालच्या प्रयोगाच्या या आलेखाखाली लिहिले होते. “आज दीडपट वायू भरतोय.”

रेघ देखणी होती खरी. पण सरकायला हवी त्याच्या दुप्पट सरकली होती.

त्याने प्रथम स्वतःलाच दोषी धरले. सरकण्याच्या गणितावर तसाही कोणाचा फारसा भरवसा नसतो. त्याने सारे पुन्हा मांडून पाहिले. चूक सापडेना, आणि ती सापडत नाही, याचेच त्याला हळूहळू भय वाटू लागले. मग त्याची नजर ताईने ओढलेल्या तांबड्या खुणेवर गेली. खूण रेघेच्या मध्यापासून एकाच कडेपर्यंत होती.

कोष्टकाच्या माथ्यावर त्याने शब्द लिहिला होता, ‘अर्धरुंदी’. त्याच्या लेखी, अर्ध्या उंचीवरची सगळी रुंदी. ताईच्या लेखी, त्या रुंदीचा अर्धा भाग. त्यांच्या शास्त्रात दोन्ही अर्थ सुखाने नांदत.

म्हणजे दाटी ताईच्या हिशेबाच्या दुप्पट होती. काल टाकीच्या खिडकीच्या काचेवर सहनशक्तीच्या निम्मा दाब आला, असे सर्वांनी मानले होते. तो पुरता आला होता. आज दीडपट. आणि प्रकाश मोजणाऱ्या यंत्राची झडप हातानेच उघडावी लागे, म्हणून ताई त्या काचेपासून हातभर अंतरावर बसे.

त्याने फोन लावला. तो वाजत राहिला. तळघरात फोन नेता येत नसे. ते दाराबाहेरच्या खणात ठेवावे लागत. तो जिन्यावरून अक्षरशः कोसळत खाली गेला. बंद खणात फोन अजून थरथरत होता, आणि दारावरचा लाल दिवा लागला होता. पेटवण्यासाठी विजेचा भार चढू लागला, की दार उघडत नसे.

दाराशेजारी बोलायचे बटण होते. ते दाबले, की आवाज आत सर्वांना ऐकू जाई. म्हणूनच त्याने ते कधी दाबले नव्हते. आता दाबले.

“कोण रे?” आतून वीजवाल्या अभियंत्याचा आवाज आला. “लाल दिवा दिसत नाही का?”

“मी...” त्याने बटण आणखी घट्ट दाबले. “मी, गोगलगाय.”

आत हशा पिकला. “घ्या! गोगलगाय अन् पोटात पाय! बोला महाराज.”

“ताई, अर्धरुंदी... अर्धी नाही. पूर्ण आहे.”

“हे व्याकरण चहाच्या वेळी घे रे बाळा. भार चढतोय,” अभियंता म्हणाला.

“दुप्पट!” तो ओरडला. आपल्या गळ्यात एवढा आवाज असेल, असे त्याला कधी वाटले नव्हते. “दाटी दुप्पट आहे! काच फुटेल, ताई, ऊठ तिथून!”

हसणे थांबले.

“खात्री आहे?” अभियंत्याने विचारले.

खात्री त्याला आयुष्यात कशाचीच नव्हती. “नाही,” तो म्हणाला. “पण पेटवू नका.”

“भार जमिनीत उतरवा,” ताईचा आवाज आला.

“अगं, सकाळपासूनची तयारी...”

“उतरवा म्हणते ना!”

दाराआड धप्प असा आवाज झाला. पायाखालची फरशी हादरली. भार जमिनीत गेला, की वायूत सुटला? बाहेरून दोन्ही आवाज सारखेच. थंड दाराला कपाळ टेकून तो उभा राहिला. श्वास घ्यावा, की आधी कानोसा घ्यावा, हे त्याला समजेना.

दिवा विझला. दार उघडले. ताई दारात उभी होती, रागाने लालबुंद.

“पूर्ण रुंदीला अर्धरुंदी कोण म्हणतं रे, मूर्खा?”

“आमच्या मजल्यावर... सगळेच.”

ती हसणार, एवढ्यात अभियंत्याने हाक मारली. त्या हाकेत थट्टा उरली नव्हती.

त्याने काचेवर विजेरीचा तिरपा झोत धरला होता. कडेच्या बोल्टापासून केसाएवढी एक भेग आत शिरली होती. आज तर काही पेटलेच नव्हते.

“कालची,” अभियंता म्हणाला.

ताईने बोट भेगेजवळ नेले आणि न टेकवता मागे घेतले. “काल पेटवून झाल्यावर मी इथंच तोंड खुपसून काच पुसत होते,” ती म्हणाली. “वायू आत तसाच होता.”

ताईने न बघताच भावाची बाही घट्ट धरली.

“आणि परवा?” तिने विचारले. “परवा किती होती रे दाटी?”

परवाची रेघ त्याला आठवत होती. त्याच्या डोक्यात आकडे मांडले जाऊ लागले, आणि ते कधीच पुरे होऊ नयेत, असे त्याला वाटत राहिले.