भुरीचं वय

डॉक्टरांनी टेबलावरच्या भुरीचं पोट बोटांनी हलकेच चाचपलं. मांजर गुरगुरली. संपदाने तिचे पुढचे पाय धरून ठेवले होते. आई मात्र रिकामी टोपली छातीशी धरून मागेच उभी होती.

"बोका कधी आला होता?"

"गणपतीच्या आसपास," संपदा म्हणाली. "आमच्या सिल्व्हर पार्कच्या गच्चीवर. नुसता आरडाओरडा चालला होता दोघांचा."

"मग गाभण राहिलीय. पिल्लांच्या गाठी लागतायत हाताला."

"पण एवढी म्हातारी झालीय ती!" आई एकदम पुढे आली. "गिरगावातून इथे राहायला आलो, तेव्हाच मोठी होती. मधे किती वर्षं काही नाही. मला वाटलं, संपलं आता तिचं."

"मांजरीचं तसं संपत नाही, ताई. माजावर आली आणि बोका भेटला, की बहुतेक वेळा राहतंच. या वयात जपायचं जरा जास्त."

"जिवाला धोका?"

"थोडा असतो. पण बऱ्याचदा नीट सुटतात."

आईने भुरीला उचलून टोपलीत ठेवलं.

भाईंदरच्या दवाखान्यातून घरी परतताना रिक्षात टोपली आईच्या मांडीवर होती. मार्गशीर्षात संपदाचं लग्न होतं. एरवी साड्यांचं दुकान दिसलं की आई मान वळवून बघत राहायची. आज तिने पाहिलंही नाही.

"लोक हसतील गं," ती मधेच म्हणाली.

"भुरीला? मांजरीला कोण हसतंय!"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "लेकीचं लग्न तोंडावर, आणि..." एवढंच बोलून तिने तोंड बाहेर वळवलं.

संपदाचं हसू ओठांवरच राहिलं. महिन्याचे ते चार दिवस घरातली पूजा तिच्याकडे असायची. आई देव्हाऱ्याकडे फिरकायची नाही. श्रावण संपल्यापासून मात्र रोज आईच फुलं वाहत होती. सकाळी फोडणीचा वास आला की खिडकीत जाऊन उभी राहत होती. संपदा कॉलनीभर पत्रिका वाटत फिरत होती, आणि तिच्या हे ध्यानातही आलं नव्हतं.

"बाबांना सांगितलंस?" तिने हळूच विचारलं.

आईने मान हलवली. नाही.

"डॉक्टरीणबाईंकडे मी येते तुझ्याबरोबर."

"तुझ्या सासरचे काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी बघते त्यांचं."

रिक्षा खड्ड्यातून आदळली. संपदाने टोपली उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.

"भैया, जरा धीरे चलाओ ना."

"क्यों, बिल्ली डरती है क्या?" रिक्षावाल्याने आरशात बघत विचारलं.

संपदाने आईचा हात हातात घेतला. तो गार पडला होता.

"हां," ती म्हणाली. "थोडी डरी हुई है."