चोचीच्या आतला चेहरा

‘मुखवटा’ म्हटले की मराठी वाचकाला लपवणे आठवते: खरा चेहरा आत, खोटा बाहेर. मी मुखवटाच बोलतो आहे, पण तो अर्थ मला लागू नाही. सातासमुद्रापलीकडच्या आमच्या किनाऱ्यावर मुखवटा उघडतो. बाहेरून मी डोमकावळा आहे. दोऱ्या ओढल्या की चोच दुभंगून दोन्ही बाजूंना पसरते आणि आतून कुळाच्या मूळपुरुषाचा चेहरा दिसतो. माझे दोन्ही चेहरे खरे आहेत.

तांबड्या देवदाराच्या एका ओंडक्यातून मला कोरले; वर काळा, तांबडा, हिरवा रंग चढवला. ज्या कुळाचा मुखवटा, त्यानेच तो नाचवायचा. मेजवानीला आलेल्या पाहुण्यांनी साक्षी राहायचे आणि भेट स्वीकारून ती साक्ष अंगावर घ्यायची, हा आमचा कायदा. पुढे बाहेरून आलेल्या गोऱ्या राज्यकर्त्यांचा कायदा आला आणि नाच गुन्हा ठरला. भर मेजवानीतून मला उचलून नेले व दूरच्या शहरातल्या संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवले, मिटलेला. खाली पाटी लावली: ‘कावळा’. ते अर्धे नाव मी कधीच स्वीकारले नाही.

तो कायदा रद्द झाला. माणसे मला मागत राहिली आणि अखेरीस मी गावी परतलो. सोबत संग्रहालयाची अट आली: इथेही काचेतच ठेवावे, उघडू नये.

आमच्या कुळातली म्हातारी एफी तेव्हा फार थकली होती. मला उघडताना पाहिलेले तेवढे एकच माणूस उरले होते. दोरी नेमकी केव्हा ओढायची, हे तिच्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते. ते न सांगता ती गेली असती, तर मी कायमचा कावळाच राहिलो असतो.

तिने मला पेटीतून बाहेर काढायला लावले. तिचा भाचा रूबेन याने कुजलेल्या दोऱ्या बदलल्या, सांध्यांचे चामडे माशाच्या तुपासारख्या घट्ट तेलाने मऊ केले आणि मला डोक्यावर चढवले. एफी काठीने जमिनीवर ठेका धरी. रूबेन दर वेळी ठेक्यावरच दोरी ओढी.

“चुकलास. ठेक्यावर नाही. ठेका थांबतो ना, तिथं.”

“आत्या, तो थांबणार हे मला आधी कळायचं कसं?”

“एवढी घाई मासे धरायला केली असतीस, तर हिवाळ्यात माझ्या दारी वाडगा घेऊन आला नसतास.”

“आलो नव्हतो. भरलेला वाडगा तूच घरी पाठवला होतास.”

“मग परत कुठं आलाय?”

मला नाचवण्यासाठी घातलेल्या मेजवानीच्या दिवशी संग्रहालयाचा अधिकारी दारात उभा राहिला. माणूस सभ्य होता.

“बाई, लाकूड फार वाळलंय. उघडलंत तर तडकेल.”

“तडकलं तर सांधू,” एफी म्हणाली. “देवदार आम्हाला नवा नाही. या, जेवायला बसा. पण बसलात तर साक्षी व्हाल, एवढं ध्यानात असू द्या.”

तो बसला.

एवढ्या साक्षींसमोर दोरी चुकली असती, तर गाणे तिथेच थांबले असते आणि कुळाची मान खाली गेली असती. रूबेन वाकून आगीभोवती फिरू लागला. गायकांचा ठेका चढत गेला आणि एकाएकी तुटला. रूबेनचा श्वास माझ्या आत अडकलेला मला जाणवला. मग दोरी ताणली गेली. उजव्या गालात लाकूड कडाडले, तरी मी पूर्ण उघडलो.

एफी कितीतरी वेळ मूळपुरुषाकडे पाहत राहिली. “आता मी गेले तरी चालेल,” ती शेजारणीला म्हणाली, “पण आधी जेवते.”

अधिकाऱ्याला जाताना एक कांबळे दिले. त्याने ते घेतले.

माझ्या गालावर आज सांधा आहे. एफी नाही. दोरी केव्हा ओढायची, हे रूबेनच्या मुलीला ठाऊक आहे.

सगळीकडे सांगतात, संग्रहालयाने मोठ्या मनाने मला नाचण्याची परवानगी दिली. हे असत्य आहे. परवानगी कोणी दिली नाही. ती कोणी मागितलीही नव्हती.