शेवंती सोसेना

घराला लागून असलेला ऊस काढायचा, हे प्रतिभानंच ठरवलं. निरगुडसरच्या त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीपर्यंत ऊस आलेला होता. एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या वेळी, गोठ्यातली कालवड बिबट्यानं त्याच उसात ओढून नेली. त्याच्या जरासं आधी समृद्धी, प्रतिभाची शाळेत जाणारी पोरगी, कालवडीला पाणी पाजून घरात आली होती. तुटलेलं दावं पाहून प्रतिभा ओट्यावर बसली, ती कितीतरी वेळ उठलीच नाही. मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, हा ऊस तुटून गेला की परत इथं ऊस नको."

"मग लावायचं काय?" सुभाष म्हणाला. तो चाकणला कंपनीत पाळीवर जायचा. उसाला रोज माणूस लागत नाही, म्हणून त्याला ऊसच बरा वाटायचा.

"शेवंती लावू. मांडीच्या वर जात न्हाई. पार वढ्यापर्यंत नजर जाईल."

बोरी बुद्रुकच्या मावसभावाकडून रोपं आणली. सुभाषनं सुट्टी काढून सरी-वरंबे केले, ठिबकच्या नळ्या पसरल्या. सासूबाई, गोजरबाई, गुडघ्यांनी बेजार; त्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून एकेका रोपाचा शेंडा खुडायच्या आणि स्टूल पुढं सरकवायच्या. पहिल्या कळ्या फुटल्या तेव्हा चौघंही बांधावर जाऊन उभी राहिली. त्या दिवशीचा चहा तिथंच झाला.

मग तोडा सुरू झाला, आणि घरातला निवांतपणा गेला. फूल ऊन चढायच्या आत तोडावं लागतं. उजाडण्याआधी प्रतिभा बॅटरी घेऊन वावरात जायची. जनावराला माणसांची चाहूल लागावी म्हणून मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावलेली असायची. रातपाळी करून आलेला सुभाष कंपनीच्या कपड्यांतच सरीत उतरायचा. फुलं क्रेटमध्ये भरून फाट्यावर टेम्पोला द्यायची, मग समृद्धीचा डबा, मग खुरपणं, फवारणी. शेवंतीला रविवार माहीत नाही. सणावाराला तर जास्तच तोडा. भावाच्या घराची वास्तुशांती झाली, प्रतिभा गेली नाही. बहीण फोनवर रुसली, तिला समजवायचंही त्राण प्रतिभात नव्हतं.

त्याच दिवसांत तिच्या मनगटावर खाज सुटली. फवारणीचं औषध लागलं असेल म्हणून तिनं खोबरेल तेल लावलं. मग बोटांना चिरा पडल्या, मान लाल झाली, पापण्या सुजल्या. ती पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू लागली, तोंडाला स्कार्फ गुंडाळू लागली. सुभाषनं विचारलं तर म्हणाली, "ऊन लागलंय." शेवंती लावायचा हट्ट तिचा होता. आता तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

दसऱ्याच्या तोंडावर एका सकाळी गोजरबाई क्रेटमधली फुलं सारखी करत होत्या. त्यांनी मूठभर कळ्या बाजूला काढल्या.

"प्रतिभा, कच्च्या कळ्या का गं तोडल्या?"

गोजरबाईंनी स्टुलावरून हात लांबवून तिचा स्कार्फ खाली ओढला. दोन्ही डोळे जवळजवळ मिटलेले. ती हातानं चाचपून फुलं तोडत होती.

"आगं माझे बाई," गोजरबाई एवढंच म्हणाल्या, आणि सुभाषला हाक मारली.

मंचरच्या डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिले. "औषधाचं नाही हे. शेवंतीचंच आहे. काही जणांना सोसत नाही. झेंडू, अॅस्टर, इतकंच काय गाजरगवतसुद्धा त्याच कुळातलं. वावरात जाणं बंद करा."

"घराच्या चारी अंगाला तेच हाये, डॉक्टर," प्रतिभा म्हणाली.

घरी आल्यावर सुभाष ओट्यावर टेकला. त्याला धड बूटही काढवत नव्हते. "आता मोडू आन् ऊसच लावू," तो म्हणाला. "माझ्याच्यानं न्हाई व्हत. मशिनीवर झोप येती मला. एक दिवस हात जाईल."

गोजरबाई आतून म्हणाल्या, "ऊस न्हाई."

"आई, तुला काय जातंय म्हणायला?"

"ऐक. दाराबाहेर पाय टाकायच्या आधी खोकायची सवय लागली व्हती मला. कितीतरी वरसं. उसात जनावर बसलेलं आसंल म्हणून. औंदा ती सुटली. काय बी लाव, पण ऊस न्हाई."

सुभाषनं वाकून एकेक बूट काढला. प्रतिभाला रडू आलं, आणि पापण्या आणखी चुरचुरल्या.

दिवाळीपर्यंतचा तोडा बाया लावून उरकला. सुभाषनं उरलेली सगळी रजा त्यात घातली. प्रतिभा खिडक्या लावून घरात बसायची. बाहेर बायांचं हसणं, क्रेट आपटल्याचा आवाज ऐकू यायचा. कामाशिवायही माणूस इतकं दमतं, हे तिला त्या दिवसांत कळलं. पुढं शेवंती उपटली तेव्हा ती स्लॅबवरून बघत होती. खाली यायची तिला मनाई होती.

नंतर गुलछडीचं, म्हणजे निशिगंधाचं, ठरलं. ती त्या कुळातली नाही, पण आधी बघून घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून प्रतिभानं शेजारच्या मळ्यातली पात आणून कोपरावर चोळली. दोन दिवस ती आणि गोजरबाई सारखा तो कोपर बघत होत्या. काही उठलं नाही.

थंडी सरल्यावर कंद लावायला घेतले. फूल दिसायला पावसाळा उजाडणार होता. तोवर सुभाषच्या पगारावरच भागवायचं होतं. दुपारी पाणी प्यायला म्हणून तो बांधावर बसला आणि तिथंच आडवा झाला. तोंडावर टोपी, पायात चिखल.

"उठीव की त्याला," गोजरबाई म्हणाल्या.

"निजू द्या," प्रतिभा म्हणाली. तिनं हातमोजे वर ओढले, सुभाषची अर्धी राहिलेली सरी धरली आणि गोजरबाईंनी पुढं केलेला कंद घेतला.