‘स्वेल’चं सातवं कार्ड

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत तिला सगळे गोगलगाय म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. ती रागावत नसे, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. ‘स्वीप’ या एका इंग्रजी क्रियापदाने तिचे साडेतीन आठवडे खाल्ले होते. झाडणं, वाहून नेणं, नजर फिरवणं. एकेक अर्थ पुरता पटल्याशिवाय बाई पुढे सरकायची नाही. आज एकदाचं ते हातावेगळं झालं, ‘स्वीट’ तिने चहाच्या आत उरकलं आणि ‘स्वेल’चा खोका पुढे ओढला.

खोक्यात वापराच्या उदाहरणांची कार्डं होती. कचेरीचा नियम कडक होता: उदाहरण मनाने रचायचं नाही. ऐकलेलं किंवा वाचलेलंच वाक्य टिपायचं आणि कार्डाच्या मागे चार रकाने भरायचे. तारीख, ठिकाण, कोण म्हणालं, कोणाबद्दल म्हणालं. एखादा रकाना रिकामा राहिला, तर कार्ड टिपणाऱ्याकडे परत न्यायचं.

सर्वांत जास्त कार्डं तिच्या नवऱ्याची असत. तो दोन टेबलं सोडून बसे. त्याचं नाव टिपकागद. कोणाचंही बोलणं कानावर पडलं की स्वारीच्या खिशातून कार्ड बाहेर. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीतही त्याने चाळीस कार्डं भरली होती, त्यातली दोन तिच्याच रुसव्याची.

ती मजेत कार्डं चाळू लागली. दमट हवेने दार फुगलं. नदी चढली. गर्दी वाढली. घोटा सुजला. लेकीला व्यासपीठावर पाहून बापाचा ऊर भरून आला. एकच क्रियापद, पण कुठे कुठे जाऊन बसलं होतं! सातवं कार्ड नवऱ्याच्या हातचं निघालं. इंग्रजी थेट डॉक्टरी थाटाचं: गाठ तीन महिन्यांत दुपटीने वाढली आहे, आता थांबून चालणार नाही. तिने पेन्सिलीने ‘वाढणे’ असं लिहिलंसुद्धा, आणि सवयीने कार्ड उलटलं.

तारीख, गेल्या महिन्याची चौदा. ठिकाण, रुग्णालय, दुसरा मजला. कोण म्हणालं, तपासणारे डॉक्टर. चौथा रकाना कोरा होता.

चौदा तारखेला ती तापाने घरी पडली होती. तिच्या मानेच्या तपासणीचा रिपोर्ट आणायला तोच गेला होता. परत आला तो म्हणाला, “साधी गाठ आहे. काळजीचं काही नाही.” आणि तिच्या उशाशी बसून संत्री सोलत राहिला. तिने विश्वास ठेवला होता. का नाही ठेवायचा?

तिचा हात मानेकडे गेला. तिने तारीख पुन्हा वाचली, मग आणखी एकदा, पण आकडे काही बदलेनात. हे आपल्याबद्दल आहे, हे तिला कळत होतं आणि डोक्यात मात्र शिरत नव्हतं. शेवटी ती उठून त्याच्यापाशी गेली आणि तिने कार्ड त्याच्यापुढे ठेवलं.

“रकाना कोरा आहे.”

“माहितीये,” तो मान खालीच ठेवून म्हणाला. “म्हटलं, तू परत घेऊन येशील. मग सांगावंच लागेल. घरी तोंडच उघडेना गं. तुझ्यासमोर आलो की साधी आहे, साधी आहे, एवढंच निघायचं.”

“म्हणजे घरी धडधडीत खोटं बोललात आणि कार्डावर खरं लिहिलंत?”

“कार्डावर खोटं कसं लिहिणार?” त्याने विचारलं, आणि त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

त्याच्या एक ठेवून द्यावी, इतका तिला संताप आला. आणि त्याचाच हात घट्ट धरून बसावं, इतकी भीतीही वाटली.

“कार्ड राहू दे. तुमच्या तोंडाने सांगा.”

त्याने मान वर केली. “तुझी गाठ वाढलीये. ऑपरेशन करावं लागणार.”

“कधी बोलावलंय?”

तो तिच्या टेबलावरच्या खोक्याकडे बघत म्हणाला, “मला वाटलं होतं, आठवडाभरात ‘स्वेल’ला पोचशील तू. ‘स्वीप’ला एवढा वेळ लागेल असं...”

“अहो, कधी बोलावलं होतं?”

“गेल्या सोमवारी.”

तिने त्याच्या बोटांतलं पेन काढून घेतलं, चौथ्या रकान्यात ‘माझ्याबद्दल’ असं लिहिलं आणि पर्स उचलली. तो टेबलाखाली चपला चाचपडत होता, तोवर ती अर्धा जिना उतरली होती.