आत्याची दाद

परीक्षा आठवड्यावर आली आणि तेलेसियाचा पाय जागेवर ठरेना. बसली की गुडघा हलायचा, उभी राहिली की येरझाऱ्या. विद्यापीठाच्या संगीत विभागातल्या सरावाच्या खोल्या म्हणजे नुसती खुराडी, पण त्यातही ती जर्मन गाण्याच्या ओळी पुटपुटत गरगर फिरायची. तिला गाणं शिकवणाऱ्या मार्गोबाई शेवटी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, गायला आलीस की फरशी झिजवायला?"

तेलेसियाला हसू आलं नाही. गेल्या वर्षी याच परीक्षेत ती नापास झाली होती. यंदाही नापास झाली तर विभागाचं दार कायमचं बंद, हे तिला आधीच सांगून ठेवलेलं. आणि गेल्या वर्षीची गोष्ट आठवली की तिचे कान अजून तापायचे. सभागृह चिडीचूप, तेलेसिया एका हळुवार गाण्याच्या ऐन मध्यावर, आणि तिची कालोलाइने आत्या चौथ्या रांगेतून गरजली, "मालिए!" गरजून थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण ती उठली आणि दोन्ही हात पसरून खुर्च्यांमधल्या वाटेत नाचायला लागली.

टोंगा बेटांवरच्या माणसांना यात काही वावगं वाटत नाही. गाणं रंगलं की ऐकणाऱ्याने 'मालिए' म्हणून दाद द्यायची, फारच रंगलं तर उठून नाचायचं. लोक गप्प बसले तर समजावं, गाणं पडलं. ऑकलंडमधल्या त्यांच्या चर्चमध्ये तेलेसिया या आरोळ्यांवरच लहानाची मोठी झाली होती. पण त्या दिवशी मागे कुणीतरी फिसकन हसलं, परीक्षकांची पेनं थांबली, आणि तेलेसियाने मान खाली घातली. त्यानंतर आवाज जो बसला, तो उठलाच नाही.

"आत्यामुळे नापास झाले," असं ती वर्षभर म्हणत आली होती. मार्गोबाईंनी एकदाच विचारलं होतं, "त्या ओरडल्या ते ठीक. तू मान का खाली घातलीस?" तेलेसियाने पाण्याची बाटली शोधायचं निमित्त करून उत्तर टाळलं होतं.

म्हणजे यंदा आत्याला गप्प बसवणं आलं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? टोंगाच्या घरात बापाच्या थोरल्या बहिणीपुढे बापाचंही काही चालत नाही. जेवताना पहिलं पान तिचं, शेवटचा शब्दही तिचाच.

"बाबा, तुम्हीच सांगा ना त्यांना."

सेमिसीबाबा तारोचे कंद सोलत होते. सुरी तशीच हातात राहिली. "मी? ताईला? तू गाणं शिक बाई, माझा जीव कशाला घेतेस?"

"मग त्यांना बोलावू तरी नका."

"वा! म्हणजे आधी आत्या नको. उद्या म्हणशील, बापही नको."

शेवटी तीच गेली. आत्या ओसरीत बसून चटई विणत होती. तेलेसिया समोर उभी राहून एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत राहिली.

"काय गं, लघवी लागलीय का?" आत्याने मान वर न करता विचारलं.

"नाही आत्या. ते परीक्षेचं... तिथे गाताना शांत बसायची रीत आहे. मालिए म्हणायचं नाही. उठायचं पण नाही. तुम्ही म्हणजे... या वेळी..."

आत्याचे हात थांबले. "मग गाणं कसं झालं ते तुला कळायचं कसं?"

"परीक्षक सांगतात. पंधरा दिवसांनी."

"पंधरा दिवसांनी! वरातीमागून घोडं!" आत्याने चटईची एक पट्टी ओढून घट्ट केली. मग म्हणाली, "बरं. नाही उघडणार तोंड. शब्द दिला."

भांडण नाही, टोमणा नाही. खरं तर तेलेसियाला हायसं वाटायला हवं होतं. उलट घरी जाताना तिला वाटलं, आत्या भांडली असती तर बरं झालं असतं.

परीक्षेच्या दिवशी सगळं गोत आलं. टोंगाच्या रिवाजाप्रमाणे कमरेला ठेवणीतल्या चटया गुंडाळून माणसं मुकाट रांगा धरून बसली, अगदी मयताला आल्यासारखी. चौथ्या रांगेत मधोमध आत्या.

पहिलं गाणं बरं झालं. झालं आणि समोर शांतता. दुसरं झालं, पुन्हा शांतता. डोकं म्हणत होतं, हे तूच मागितलंस. कान मात्र म्हणत होते, पडलीस, पडलीस. तिसऱ्या गाण्यात नदीकाठी होडीची वाट बघणारी मुलगी होती आणि एक लांबच लांब ओळ होती. त्या ओळीच्या अर्ध्यावर तेलेसियाचा दम तुटला. पियानो थोडा पुढे गेला आणि तोही थांबला.

चर्चमध्ये कुणी असं अडकलं की अख्खे बाक ती ओळ उचलून धरतात. इथे कुणी हललं नाही. बाबा स्वतःच्या चपलांकडे बघत होते. आणि आत्या? आत्याने तोंडात रुमालाचा बोळा कोंबला होता, दोन्ही मुठी मांडीवर आवळल्या होत्या आणि कपाळावर घाम डवरला होता.

तेलेसियाला भडभडून आलं. जिने तिला मांडीवर घेऊन पहिला सूर लावायला शिकवलं, तिलाच तेलेसियाने तोंडात बोळा कोंबायला लावलं होतं. आणि कशासाठी? गेल्या वर्षी तिला आत्याची लाज वाटली होती. मान खाली गेली ती त्या लाजेने. एवढीच ती गोष्ट होती.

ती रंगमंचाच्या कडेला आली. "आत्या, माझं चुकलं. काढा तो रुमाल."

आत्याने बोळा काढला. "आत्ता?" आत्याची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. "या लोकांना विचारलंस का?"

परीक्षकांमधल्या वयस्कर बाईंनी चष्मा वर केला. "काही अडचण आहे का?"

"माझ्या आत्याला मीच गप्प बसायला सांगितलं होतं. पण मग मला गाता येत नाहीये. त्यांनी दाद दिली तर चालेल?"

तिघा परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. "गुण आम्ही तुम्हाला देतो, श्रोत्यांना नाही," बाई म्हणाल्या. "गाणं पुन्हा सुरू करा. पण मोडलेल्या ओळीचे गुण कापले जातील."

"कापा," तेलेसिया म्हणाली आणि आत्याकडे वळली. "चालेल म्हणतात. आता ओरडा."

"ओरडा म्हणे! आधी गा तर खरी. फुकटची मालिए मी माझ्या नवऱ्यालासुद्धा दिली नाही."

रांगांमध्ये खसखस पिकली. तेलेसियाने गाणं पुन्हा धरलं. पहिलं कडवं संपलं तरी आत्या गप्प. बाजारात मासळी निरखावी तसे डोळे बारीक करून ऐकत होती. मग ती लांब ओळ आली. या खेपेला श्वास पोटातून आला, जबडा मोकळा सुटला, होडीची वाट बघणाऱ्या मुलीचं सगळं दुःख ओळीच्या टोकापर्यंत गेलं आणि तरी दम शिल्लक राहिला.

"मालिए!" चौथ्या रांगेत खुर्ची धाडकन मिटली. "मालिए, तेलेसिया!"

आत्या वाटेत आली, हात पसरले. मागे कुणीतरी हसलंही. तेलेसियाने मान खाली घातली नाही. आत्याच्या डोळ्यांत बघत तिने पुढची ओळ उचलली, आणि आठवडाभर न ठरलेला तिचा पाय जागच्या जागी घट्ट उभा होता.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. पास झाली. काठावर, पण पास. ती धावत आत्याकडे गेली. चटई आता विणून होत आली होती.

"हे मला त्या दिवशीच माहीत होतं," आत्या म्हणाली. "आणि हे बघ, पुढच्या वेळी मला गप्प बसवायचं असेल ना, तर शब्दबिब्द मागायला येऊ नकोस. वाईट गा. मी आपोआप गप्प बसेन."